अष्टपुत्रेबाईंची सासू

‘क्षमस्व,’ अष्टपुत्रेबाई म्हणाल्या, आणि सुनेला घराबाहेर काढायचं काम पुन्हा अर्धवट राहिलं.

काचेपलीकडे तोरस्करनं डोकं टेबलावर टेकलं. तो डबिंगचा दिग्दर्शक. वय तिशीचं, पण त्या सकाळपासून बरंच वाढलेलं. डोकं न उचलताच त्यानं बटण दाबलं.

‘मॅडम, चुकलं की नुसतं थांबायचं. आपण परत घेतो. क्षमस्व म्हणायचं नाही.’

‘चूक माझी झाली. मग म्हणायला नको?’

‘अहो, ती सासू आहे. सुनेचा दंड धरून तिला फरफटत नेतेय. ती क्षमस्व कशी म्हणेल?’

‘ती कुठे म्हणतेय? मी म्हणतेय. श्रोत्यांना.’

‘इथे श्रोते नाहीत, मॅडम.’

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. त्यांची पिशवी मांडीवर घेऊन मी ओट्याजवळच्या स्टुलावर बसलो होतो. मी मान हलवली. श्रोते खरोखरच नव्हते.

ओट्याजवळ म्हणालो, कारण ते स्वयंपाकघरच होतं. अंधेरीतला कुणाचा तरी राहता फ्लॅट घेऊन त्याचा स्टुडिओ केला होता. दिवाणखान्यात यंत्रं आणि स्वयंपाकघरात माइक. भिंतींना गाद्या ठोकल्या होत्या, मधल्या भिंतीला भोक पाडून काच बसवली होती. ओटा तेवढा निघाला नव्हता म्हणून त्याच्यावर गोधड्या घातल्या होत्या. नळाला फडकं बांधलं होतं. फडकं बांधायच्या आधी म्हणे एका मालिकेतला राजा मरताना शेवटपर्यंत थेंब थेंब गळत होता. हे मला रेकॉर्डिंग करणाऱ्या अन्वरनं सांगितलं. मी त्यात फारशी भर घातलेली नाही.

केबल नुकतंच घरोघर पोचलं होतं तेव्हाची ही गोष्ट. चॅनलांना दिवसभर दाखवायला काहीतरी लागे, आणि मराठीत एवढ्या सासवा-सुना तयार नव्हत्या. म्हणून एक कानडी मालिका आणून तिच्या तोंडात मराठी घालायचं ठरलं होतं. सासूसाठी ‘भारदस्त, वयस्क, स्पष्ट उच्चारांची’ बाई हवी होती. कुणीतरी तोरस्करला अष्टपुत्रेबाईंचं नाव सुचवलं.

मंदाकिनी अष्टपुत्रे. आडनाव असं, आणि बाईंनी लग्नच केलेलं नव्हतं. आमच्या रेडिओ केंद्राच्या त्या निवेदिका. आता कुणाला खरं वाटणार नाही, पण त्यांचा आवाज ऐकून म्हशी पान्हा सोडत. आमच्याकडे तशी एका गवळ्याची तक्रार आली होती, की बाई रजेवर असल्या की दूध कमी येतं. एकदा त्या बातम्या वाचत असताना स्टुडिओत साप निघाला. बाईंनी पाय वर घेतले, बातमीपत्र पुरं केलं, हवामानही सांगितलं आणि मग माइक चालू असल्याचा लाल दिवा विझल्यावर किंचाळल्या. तीही किंकाळी फार मोठी नव्हती. साप जागचा हलला नाही.

आवाज वर जाऊ द्यायचा नाही ही त्यांची शिस्त. आमच्याकडे माइकसमोर एक सुई असते. आवाज वाढला की ती लाल भागात जाते, आणि मागोमाग अभियंताही लाल होऊन आत येतो. बाईंच्या साऱ्या नोकरीत ती सुई लालच्या सीमेलाही शिवली नव्हती. त्या घरीही तशाच बोलत असाव्यात. भाजीवाल्याशी भांडताना मी त्यांना ऐकलंय. भाजीवाल्याला वाटलं, बाई त्याचं अभिनंदन करताहेत.

आता त्याच बाईंना तोरस्कर सांगत होता, ‘मॅडम, ओरडा. पोटातून. चालती हो माझ्या घरातून!’

‘चालती हो माझ्या घरातून,’ बाई म्हणाल्या. ऐकणाऱ्याला वाटावं, यानंतर सतारवादन आहे.

‘अजून जोरात.’

‘चालती हो माझ्या घरातून.’

‘हा आवाज वर जातच नाही का?’ तोरस्करनं अन्वरला विचारलं. बटण दाबलेलंच राहिलं होतं, त्यामुळे आम्हालाही ऐकू आलं.

‘सुई झोपलीय साहेब,’ अन्वर म्हणाला. ‘मी दोनदा हलवून बघितली.’

बाईंच्या कानावर हे गेलं. त्यांचा चेहरा बदलला नाही, तो तसा बदलत नसे. फक्त कागदावरचा हात जरासा सरकला.

ते काम मिळणं त्यांना किती गरजेचं होतं, हे तोरस्करला माहीत नव्हतं. मला होतं. बाई राहत भावाकडे, गोरेगावला. भावाच्या मुलाला नागपूरला चांगली नोकरी लागली, तेव्हा सगळ्यांनीच तिकडे जायचं ठरलं. गोरेगावची जागा विकली. रविवारी ट्रक यायचा होता. बाईंनीही जायचं, भाचरांची मुलं सांभाळायची, दुपारी पापड लाटायचे, हे भावानं ठरवून टाकलं होतं. वाईट माणूस नव्हता. बहिणीलाही काही इच्छा असेल असं त्याला सुचलंच नव्हतं, एवढंच. बाई मला येताना रिक्षात म्हणाल्या होत्या, ‘हे जमलं तर इथेच कुठेतरी खोली बघेन, केळुसकर. नाही जमलं तर नागपूर. तिथे माझा आवाज कुणी ऐकलेला नाही.’

मी म्हणालो होतो, ‘नागपूरला संत्री चांगली मिळतात.’

‘मला संत्र्यानं खोकला होतो,’ बाई म्हणाल्या.

मी का गेलो होतो बरोबर? पिशवी धरायला. बाईंच्या पाठोपाठ दोन महिन्यांनी मीही निवृत्त झालो होतो, आणि घरी वाट बघणारं कुणी नव्हतं. मीही लग्न केलं नाही. का, असं कुणी विचारलं तर मी दरवेळी वेगळी गोष्ट सांगतो. त्यातल्या काही फार चांगल्या आहेत.

तर तोरस्करनं खुर्चीत बसल्या बसल्या आवाज मऊ केला. माणूस नकार देणार असला की असाच आवाज काढतो. ‘मॅडम, तुमचा आवाज फार सुंदर आहे. खरंच. पण...’

त्या ‘पण’मध्ये मला नागपूर स्पष्ट ऐकू आलं.

बाई कानावरचा हेडफोन काढायला लागल्या.

‘एक मिनिट,’ मी म्हणालो. ‘तोरस्कर, त्यांना कुणी ओरडून दाखवलंय का? म्हणजे ती बया कशी ओरडते ते?’

‘सर, स्क्रीनवर ओरडतेय की ती!’

‘कानडीत ओरडतेय. कानडीत कुणी ओरडलं तर आपल्याला लागत नाही. मी एकदा मराठीत करून दाखवतो. मग बाई घेतील.’

‘तुम्ही?’

‘तुमची यमुनाआत्या काढा, केळुसकर,’ बाई हळूच म्हणाल्या.

इथे यमुनाआत्याबद्दल सांगायला हवं. आमच्या केंद्रावर संध्याकाळी शेतकऱ्यांसाठी गप्पांचा कार्यक्रम असे. त्यात तोंडाळ म्हातारी यमुनाआत्या होती. ती करणारी बाई एके दिवशी आलीच नाही. लग्न करून कोकणात गेली होती, असं नंतर कळलं. कार्यक्रम थेट, दिवा लागलेला. मी शेजारी बसून पाटलाचं काम करत होतो. पाटलानंच नाक दाबून आत्याचं वाक्य म्हटलं. त्या दिवसापासून निवृत्तीपर्यंत आत्या मीच. कार्यक्रमाची उद्घोषणा करायला बाई समोर बसलेल्या असत. आत्याला बायका साड्या पाठवत. एका गावानं तिला हळदीकुंकवाला बोलावलं, तर दुसऱ्या गावच्या विधुर सरपंचानं थेट मागणीच घातली. त्याला मी अजून उत्तर दिलेलं नाही.

मी पिशवी ओट्यावर ठेवली, बाईंच्या शेजारी माइकपाशी गेलो. अन्वरनं चित्र मागे नेलं. पडद्यावर सोन्यानं मढलेली एक धिप्पाड बाई दारात उभी राहिली. समोर काडीसारखी सून.

‘चालती हो माझ्या घरातून, अवदसे!’ मी सुरू केलं. ‘पाय ठेवलास आणि दुभती गाय आटली! तुझ्या बापानं पाठवलं काय, तर एक ट्रंक आणि हे तोंड! काढ, काढ तो पदर डोक्यावरचा, तुला डोकं आहे कुठे झाकायला!’

पुढचं लिहिलेलं नव्हतं, पण तिचे ओठ हलत होते तोवर मीही थांबलो नाही. अन्वर नंतर म्हणाला, सुई लाल भागात गेली ती चहाच्या वेळेपर्यंत परत आली नाही.

सासू संपली. पडद्यावर सुनेचा चेहरा आला. तिचे ओठ हलू लागले, आणि स्वयंपाकघरात शांतता पसरली. ते बरोबरच होतं. सुनेचं काम दुसऱ्या दिवशी दुसरी मुलगी करणार होती. तिच्या जागा आज मोकळ्याच सोडायच्या होत्या.

पण रेडिओच्या माणसाला मोकळी जागा सोसत नाही. रेडिओ गप्प झाला की ऐकणाऱ्याला वाटतं यंत्र बिघडलं, तो त्याला थापट्या मारतो आणि मग दुसरं केंद्र लावतो. म्हणून आमच्याकडे क्षणभर शांतता गेली तरी लेखी खुलासा द्यावा लागे. मग सवय अशी होते की समोर रिकामी जागा आणि हातात कागद असला की तोंड आपोआप उघडतं. माणूस मेला तरी वाक्य पुरं करून मरतो. आमच्याकडे एकजण तसा मेलाही होता, पण ते पुन्हा कधीतरी.

बाईंचं तोंड उघडलं.

‘मला बाहेर काढा, आई. पण उंबऱ्यापुढची ही रांगोळी मी घातली आहे. ती आधी पुसा, आणि मग दार लावा.’

तोरस्कर डोळे मिटून बसला होता. तो ताडकन उठला.

‘कोण आलीय आत?’

‘कुणी नाही,’ मी म्हणालो.

‘ती मुलगी! आत्ता बोलली ती! उद्याची मुलगी आजच आली काय?’

‘क्षमस्व,’ बाई म्हणाल्या. ‘जागा रिकामी होती.’

तोरस्कर काचेला नाक लावून उभा राहिला. एकदा पडद्याकडे, एकदा बाईंकडे, असं बघत राहिला. अन्वरनं तो तुकडा परत लावला. पडद्यावर ती काडीसारखी पोर बोलत होती, आणि आवाज अगदी तिचाच होता. घरातून पहिल्यांदाच बाहेर पडलेल्या मुलीचा.

मी नंतर यावर बराच विचार केला. माझं मत असं झालं की देव प्रत्येकाला आवाज मोजून देतो. आपण तो ओरडून, हसून, भांडून खर्चून टाकतो. बाईंनी सुईला धरून आयुष्य काढलं. त्यांचा तसाच शिल्लक होता.

‘मॅडम,’ तोरस्कर आत येऊन म्हणाला. बटण दाबून बोलण्याइतका धीर त्याला उरला नव्हता. ‘तुम्ही सून करा.’

‘कुणाची?’

‘म्हणजे, सुनेचं काम.’

‘ती मुलगी एकोणीस वर्षांची आहे.’

‘आवाज एकोणीसचाच आहे!’

‘मी अठ्ठावन्नची आहे. लोक हसतील.’

‘लोकांना तुम्ही दिसणार कुठे आहात, मॅडम?’

‘मला दिसेन ना मी,’ बाई म्हणाल्या. मग कागद चाळले. त्यांच्या हातात कागदाचा आवाज होत नसे. ‘ही सगळ्या भागांत रडतच राहते का?’

‘सुरुवातीला रडते. मग बोलायला लागते.’

‘कधी?’

‘लोक कंटाळले की.’

बाईंनी कागदांचे कोपरे जुळवले. तोरस्कर चुळबुळत होता. अन्वरनं काचेआडून हात जोडले.

‘बरं,’ बाई म्हणाल्या. ‘पण सासू केळुसकर करतील.’

‘सर? अहो, पुरुष सासू? चॅनल मला हाकलून देईल.’

‘मी पिशवी धरायला आलोय,’ मी म्हणालो.

‘इतकी वर्षं यांची बोलणी ऐकली आहेत मी,’ बाई तोरस्करला म्हणाल्या. माझ्याकडे त्यांनी पाहिलंच नाही. ‘नव्या कुणाची ऐकून घ्यायचं आता माझं वय नाही.’

‘चॅनलला सांगतंय कोण?’ अन्वर दारातून म्हणाला. ‘नावं कुठे लागतात आपल्या लोकांची?’

ते खरं होतं. तेव्हा डबिंगवाल्यांची नावं पडद्यावर येत नसत. तोरस्करनं कपाळावरचा घाम पुसला, आणि आमची नावं विचारली. ‘मंदाकिनी अष्टपुत्रे,’ बाई म्हणाल्या, ‘आणि हे श्रीरंग केळुसकर.’ माझं पहिलं नाव त्यांना माहीत आहे, हे मला त्या दिवशी कळलं. केंद्रावर मला सगळे केळुसकरच म्हणत. आई गेल्यापासून श्रीरंग हे नाव कुणी वापरलंच नव्हतं.

बाईंनी दिवाणखान्यातून भावाला फोन लावला. आम्ही तिघं यंत्रांकडे बघत उभे राहिलो. ऐकत नाही असं दाखवायला तेवढीच जागा होती.

‘दादा, मी बोलतेय. रविवारी माझी ट्रंक ट्रकमध्ये चढवू नकोस... नाही, बरी आहे मी... काम मिळालंय... टीव्हीवर. नाही, दिसणार नाही... सून आहे... सून, दादा. ओरडू नकोस, मला ऐकू येतंय... वहिनीला सांग, पापड तिनंच लाटावेत. माझ्यापेक्षा तिचे पातळ होतात.’

फोन ठेवून त्या म्हणाल्या, ‘कुठून सुरुवात करायची?’

तोरस्करला घाई होती. तो म्हणाला, पहिल्या भागापासूनच घेऊ. पहिल्या भागात लग्न करून सून घरी येते. सासू दार अडवून उभी राहते. कानडीत तिथे ती मुलगी कसलीशी दोन ओळींची आरती म्हणत होती. भाषांतर करणाऱ्यानं तिथे ‘उखाणा’ एवढंच लिहिलं होतं, आणि पुढचं पान सुरू केलं होतं.

‘हा उखाणा कुठाय?’ बाईंनी विचारलं.

‘आपल्याला करायचाय,’ तोरस्कर म्हणाला. ‘पण जरा अवघड आहे, मॅडम. हे बघा. पहिल्या ओळीच्या शेवटी तिचे ओठ मिटतात. दुसरीच्याही. तिथे प, फ, ब, भ, म असलंच काहीतरी हवं. नाहीतर ओठ मिटलेले आणि आवाज उघडा, असं होईल.’

‘आणि नाव कुणाचं घ्यायचं?’

‘नवऱ्याचं मराठी नाव चॅनलनं अजून कळवलेलं नाही. काहीही घ्या. जे घ्याल तेच ठेवू.’

‘काहीही?’

‘काहीही. फक्त फार लांब नको.’

अन्वरनं चित्र लावलं. बाई त्या मुलीच्या ओठांकडे बघत राहिल्या. बाई एरवी कागदाबाहेर बघत नसत. आम्ही आपले सुचेल ते सांगत होतो.

‘डाळिंब घ्या, मॅडम,’ तोरस्कर म्हणाला. ‘डाळिंबात ओठ मिटतात.’

‘डाळिंब सगळ्याच घेतात.’

‘कारलं-कोथिंबीरमध्ये नाही मिटत,’ अन्वर म्हणाला. ‘जेवणात लिंब?’

‘लिंबू.’

‘आमच्यात लिंबच म्हणतात.’

‘घरात विंचू, दारात साप,’ मी म्हणालो. ‘मधे बसलाय नवऱ्याचा बाप.’

‘सासूनं मधे बोलायचं नसतं,’ बाई म्हणाल्या. ‘लावा हो परत.’

अन्वरनं परत लावलं, पुन्हा लावलं. बाईंच्या आयुष्यात उखाणा घ्यायची वेळ आलेली नव्हती. दुसऱ्यांच्या लग्नात बायका आग्रह करत, तेव्हा त्या हळूच उठून पाणी प्यायला जात, हे मी पाहिलेलं होतं. आता त्यांनी पाण्याकडे बघितलंही नाही. हेडफोन नीट बसवला.

‘घ्या,’ त्या म्हणाल्या.

लाल दिवा लागला. पडद्यावर दार उघडलं. मी सासूच्या आवाजात म्हणालो, ‘थांब तिथेच! नाव घेतल्याशिवाय या घरात पाऊल टाकायचं नाही!’

त्या मुलीनं पापण्या खाली केल्या. बाईंनी मात्र केल्या नाहीत.

‘आकाशातून येतो आवाज, त्याला ना तार ना खांब;
श्रीरंगरावांचं नाव घेते, इतकी वर्षं म्हटलं थांब.’

खांबावर ओठ मिटले. थांबवर ओठ मिटले. काचेपलीकडे अन्वरनं अंगठा वर केला. बाईंनी आवाज न करता पान उलटलं आणि पुढच्या वाक्यावर बोट ठेवलं. ते वाक्य माझं होतं. ‘पुरे झाली थेरं, मर आत!’ असं होतं.

त्या घरात श्रीरंग नावाचा माणूस एकच होता, आणि तो त्यांची सासू होता.

मी वाक्य म्हटलं. म्हणजे तसं मला वाटलं.

‘थांबा, थांबा!’ तोरस्कर ओरडला. ‘अहो सासूबाई, लाजायचंय तिनं. तुम्ही काय लाजताय?’